तोंडातला धुरा

श्रीरामकाका माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते तुटलेला दात घेऊन, पण दाताचं नंतर बोलले. आधी बाहेरच उभं राहून त्यांनी माझ्या नावाचा बोर्ड पाहिला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि बोर्डाचा कोपरा बोटानं हळूच वर सारला. मग आत येऊन म्हणाले, "डाक्टरीनबाई, बोर्ड उजवीकडून सुतभर कलला होता. आता झाला बरोबर."

शेलूबाजारात दवाखाना उघडून मला पाचच महिने झाले होते. बोर्ड माझ्या वडिलांनी लेव्हल लावून, दोन कारागिरांना रागावत बसवून घेतला होता. मी वाशीमची, दोन शिक्षकांच्या पोटची; कोणी चूक काढली की मला आधी राग येतो आणि मागून ते बरोबर तर नसेल ना अशी धास्ती वाटते. काका गेल्यावर मी बाहेर जाऊन, रस्ता ओलांडून, जीपगाड्यांच्या रांगेजवळ उभी राहिले आणि बोर्ड पाहिला. मेला आता खरंच सरळ दिसत होता.

काका आसेगावकडचे. थोडीशी शेती, विहिरीजवळ वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, चवळीच्या शेंगा, आणि बाजाराच्या दिवशी शेलूबाजारात दुकान. पण त्यांची ओळख भाजीमुळे नव्हती. पेरणीची तिफन बैलांमागे धरावी तर श्रीरामानं, असं चार गावांत म्हणत. त्यांनी घातलेले तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, या टोकाला उभं राहून पाहिले की त्या टोकाचा माणूस दिसायचा. ट्रॅक्टर आले तरी जुनी माणसं त्यांना बोलवायची. आणि दुसरं काम धुऱ्याचं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. अशा ठिकाणी काका सुतळीचा गुंडा घेऊन जायचे. त्यांची रीत ठरलेली होती: सुतळीचं एक टोक एका भावाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या, आणि मध्ये स्वतः.

"भांडणाऱ्याच्या हातात सुतळी देल्ली का तो ताणून धरते," ते सांगायचे. "मंग त्याले भांडाले हातच राहत नाही."

त्यांचा वरचा समोरचा दात हापशीच्या दांड्यानं तुटला होता. पाणी भरताना दांडा हातून सुटला आणि उसळून थेट तोंडावर आला. दात हिरडीच्या आतपर्यंत मोडला होता. भेटेल त्यानं त्यांना उपटून टाकायचा सल्ला दिला होता. मूळ मात्र शाबूत होतं. मी समजावलं की वर कॅप बसवता येईल, पण कॅपला धरायला दात उघडा मिळाला पाहिजे. त्यासाठी हिरडी थोडी कापून वर न्यावी लागेल आणि आतलं हाडही किंचित कोरावं लागेल.

काका खुर्चीत ताठ झाले. "म्हंजे धुरा सरकवाचा."

"तसंच म्हणा."

"मंग नाही जमत, बाई. चाळीस वर्सं लोकायचे धुरे पाह्यले मी. एकाचा बी सरकू नाही देल्ला. आन् आता माह्याच तोंडात सरकवू?"

मला वाटलं, गंमत करताहेत. कसली गंमत! रामराम करून माणूस निघून गेला. मी दिवसभर चिडचिड केली. आठ दिवसांनी ते परत आले, खुर्चीत बसले, आणि आ करण्याआधी म्हणाले, "इचार केला मी. दात बी माहा, हिरडी बी माही. दोन्ही वावरं एकाच मालकाचे हायेत. मंग वाटणीचा सवालच नाही. पन एक सांगा, नुसती हिरडी कापून काहून भागत नाही? हाड कायले कोरता?"

मी सांगितलं की हाडाच्या कडेपासून हिरडीच्या कडेपर्यंत ठरावीक जागा शरीर राखून ठेवतं. त्या जागेत कॅप घुसवली तर हिरडी सुजते, लाल होते, रक्त येतं. म्हणून हाड थोडं मागं घेऊन तिची जागा तिला परत द्यायची.

काकांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर! धुऱ्याले बी त्याची सोताची जागा लागते. लोकं दोन्हीकडून वखर घासत नेतात, धुरा बोटाएवढा करून ठेवतात. मंग पाण्यानं फुटते तो, आन् दोघायचंही वावर वाहून जाते."

हीच गोष्ट कळायला आम्हाला कॉलेजात दोन तास आणि सहा आकृत्या लागल्या होत्या, आणि तरी माझ्या शेजारचीला परीक्षेत ती आली नव्हती. त्या दिवसापासून मी पेशंटला हिरडीचं काहीही सांगताना धुऱ्याचाच दाखला देऊ लागले. काकांना कॅप छान बसली. मग बाजाराच्या दिवशी भाजी संपली की ते दवाखान्यात येऊन बसायचे, आणि बाकावर गाल धरून बसलेल्यांना माझ्या आधीच तपासून टाकायचे. "दुखून राह्यलं तोवर बरं हाय," एकाला म्हणाले होते. "दुखनं म्हंजे दातानं आवाज देल्ला. मुका झाला का समजा गेला." मी आतून ओरडायचे, "काका, दवाखाना माझा आहे!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुमचाच हाय बाप्पा. मी निस्ता बाकावर हाय."

त्यांच्या दुकानात मी भाजी घ्यायची, तेव्हा सुमनकाकूंची ओळख झाली. ओळख म्हणजे काय, डोळ्यांची. काका तराजू धरायचे, काकू ढिगामागे बसून शेंगा निवडायच्या, आणि बोलताना, हसताना पदर तोंडावर. हसायच्या मात्र भरपूर. काका सारखं काहीतरी बोलायचे आणि पदरामागून हसू फुटायचं. पहिले काही दिवस मला वाटलं, बाईंची दाढ दुखत असणार. धंद्याची नजर, दुसरं काय.

एका बाजाराला काका त्यांना घेऊनच आले. "हिच्या बी तोंडातला धुरा पाहा एकदा."

"माहं काहीच दुखत नाही वो," काकू पदरामागून फणकारल्या.

बऱ्याच मिनतवारीनं त्यांनी तोंड उघडलं. दात सगळे निरोगी, पण समोरचे इवलेइवले दिसत होते आणि वर हिरड्याच हिरड्या. मी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेनं आत सरकवली, तर ती सरकतच गेली. आत दात होता. पुरता, चांगल्या उंचीचा. काहींच्या बाबतीत असं होतं. दात येतात, पण हिरडी मागं हटायची ती हटतच नाही.

"काकू, तुमचे दात लहान नाहीत. झाकलेले आहेत."

"म्हंजे अतिक्रमण!" काका बाकावरून उठूनच उभे राहिले. "वावर हिचं, आन् धुरा चढला वर!"

दुकानावर कोणी नव्हतं म्हणून काका गेले, तेव्हा काकूंनी मला सांगितलं. अठरा वर्षांच्या होत्या. पाहायला मंडळी आली होती. कोणीतरी काहीतरी बोललं, त्या हसल्या, आणि होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या की पोरगी चांगली आहे, पण हसली का हिरड्याच दिसतात. लग्न ठरलं, बोलणारी बोलून विसरली. "पन मी लग्नात पदर घेतला तोंडावर, तो अजून नाही सोडला. अडतीस वर्सं झाले. सासूबाई गेल्या, तरी नाही सुटला." जरा थांबून म्हणाल्या, "मले बजारात एकदा मोकयं हसाचं हाय, डाक्टरीनबाई. होते का तेवढं?"

मला त्या सासूबाईंचा असा राग आला की काय सांगू! मी "होतं" म्हणून बसले. रात्री घरी गेल्यावर जुनी पुस्तकं काढून बसले. समोरच्या आठ दातांची हिरडी एकटीनं मी कधीच कापली नव्हती. कॉलेजात केली तेव्हा मागे सर उभे असत. आणि हे काम सुतभर चुकलं तर ते पदराआडही लपत नाही, कारण तोंड ज्याचं त्याला ती चूक आरशात रोज दिसते. अडतीस वर्षं एका वाक्यापायी तोंड झाकून बसलेली बाई माझ्या हातून वाकड्या हिरडीची झाली असती, तर तिनं पदर मरेपर्यंत सोडला नसता.

ठरल्या दिवशी मी खुर्ची मागे करून काकूंना झोपवलं, आणि कुठून कापायचं त्याच्या जांभळ्या पेनानं हिरडीवर खुणा केल्या. जवळ यायचं नाही असं काकूंनी बजावून ठेवलं होतं म्हणून काका दाराशी उभे होते. इंजेक्शन हातात घेतलं तोच त्यांचा आवाज आला.

"उठवा तिले."

"का?"

"पडल्या पडल्या तास नाही दिसत. उभं राहून, दुरून पाहा लागते. आन् हसल्यावर तिचा ओठ कुठंलोक जाते, ते पाह्यलं का तुमी?"

"काका, मी हे शिकलेय," मी जोरात म्हणाले. आणि म्हणताम्हणताच माझे कान तापले, कारण शिकवलेलं नेमकं तेच होतं. पेशंटला सरळ बसवा, मनमोकळं हसू द्या, दुरून पाहा, मगच खुणा करा. घाबरल्याच्या भरात मी ते गाळलं होतं. मी इंजेक्शन ठेवलं, खुर्ची सरळ केली आणि दाराशी काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. डाव्या बाजूच्या दोन खुणा ज्वारीच्या दाण्याइतक्या खाली होत्या. नुसतं तोंड उघडून दाखवल्यावरही ते दिसत होतं.

पण आता हसणं हवं होतं. "काकू, हसा." काकूंचा हात तोंडावर. काकांनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. आता काकूंनी ओठ मिटून घेतले. "उगीच कसं हसू? येडी हाव का मी?"

काकांनी हात तसेच धरून ठेवले. मग म्हणाले, "सुमन, आपल्या लग्नाच्या साली माहा एक तास वाकडा गेल्ता, आठोते?"

"आठोते न. हौश्या बुजला होता." मला वळून म्हणाल्या, "हौश्या म्हंजे बैल. गावभर झालं होतं, सीरामाचा तास वाकडा गेला म्हून."

"हौश्या नाही बुजला."

"मंग?"

"तू न्याहारी घेऊन धुऱ्यानं येत होती. मांगून बकरीचं पिल्लू लागलं होतं तुह्या, पदर तोंडात धरून वढत होतं. तू हसली. पदर त्याच्या तोंडात, तुह्या तोंडावर काहीच नाही. मी तुह्याकडं पाहत राह्यलो, आन् तिफन गेली तिकडं."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आन् बोल बैलाले लावला?"

"मंग गावाले काय सांगू? बायको पाहून राह्यलो होतो म्हनू?"

"अडतीस वर्सं? बिच्चारा हौश्या! मेला तरी लोकं त्याले बुजरा म्हनत!" आणि काकू हसल्या. दोन्ही हात काकांच्या हातात अडकलेले, डोक्यावरचा पदर मागे गेलेला, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईतो. मी हातात पेन धरून ऐकत उभी. काकाच ओरडले, "आता पाहा न, बाई! घ्या खुणा, घ्या!"

मी खुणा घेतल्या. आणि मग पेन खाली ठेवलं, कारण मनात आलं ते बोलल्याशिवाय राहवेना. "काका, तुम्हाला तर तेव्हाही त्या आवडल्या होत्या. आहेत तशा. मग आपण कापतोय कशाला?"

काका म्हणाले, "वावर तिचं हाय. तिले इचारा."

काकूंनी डोळे पुसले. "यायनं पाह्यलं एकदा, बरं वाटलं आयकून. पन यायच्यासाठी नाही करून राह्यली मी. माह्यासाठी करून राह्यली. कापा तुमी."

दीड तास लागला. वरून गुलाबी लेप लावला तेव्हा काकांनी वाकून पाहिलं आणि "लिपन चांगलं झालं" असा शेरा दिला. मग मी सूचना दिल्या: तिखट नाही, गरम नाही, भाकर दुधात कुस्करून, आणि आठ दिवस मोठ्यानं हसायचं नाही, ओठ ताणला जातो.

शेवटची सूचना काकांनी मनावर घेतली. गल्लीतल्या एका गमत्या माणसाला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. पण पुढच्या बाजाराला ते एकटेच आले ते पडेल चेहऱ्यानं. म्हणाले, "मी आठ दिवस मळ्यातच जेवून राह्यलो, बाई."

"का हो?"

"काय करू? मी काहीच नाही बोलत. निस्ता समोर बसलो तरी तिले हौश्या आठोते."

लेप काढला, हिरडी भरली, आणि महिन्याभरानं मी काकूंच्या हातात आरसा दिला. हिरडीची कड डावी-उजवीकडे सारखी, छान कमानदार बसली होती. काकू खूप वेळ पाहत होत्या. "हे माहेच हायेत?" त्यांनी विचारलं. "तुमचेच. आधीपासून होते." त्या हसल्या, आणि त्याच क्षणी त्यांचा हात उठून तोंडावर गेला.

मी हिरमुसले. कसलं काम झालं आणि काय उपयोग! पुढचे दोन-तीन बाजार मी मुद्दाम जाऊन पाहिलं. काकू हसायच्या, हात वर जायचा. त्यांनाही ते कळायचं आणि मग त्या अपराध्यासारख्या माझ्याकडे पाहायच्या.

काकांनी मला काही सांगितलं नाही. त्यांनी एवढंच केलं की एका बाजाराला तराजू काकूंच्या हातात दिला आणि स्वतः ढिगामागे शेंगा निवडायला बसले. भाजीवाल्याचा हाततराजू: एका हातानं तो उचलून धरायचा, दुसऱ्या हातानं पारड्यात वांगी टाकायची, एखादं काढायचं, पुन्हा टाकायचं. गर्दीत हाताला उसंत म्हणून मिळत नाही. मी गेले तेव्हा काका शेंगा निवडत समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "घेऊन जा, मावशी. या चवळीनं भांडन झालेले जावाजावा एका ताटात जेवतात." काकूंचा एक हात तराजूत अडकलेला, दुसऱ्यात वांगं. त्या हसल्या. भर बाजारात, उन्हात, सगळ्यांसमोर. ती मावशीही त्यांच्याकडे पाहून हसली आणि शेंगांसोबत वांगीही घेऊन गेली.

"हात रिकामा राह्यला का तोंडावर जाते," काका मला हळूच म्हणाले. "म्हून म्हनलं, कामाले लावू." मला इतका आनंद झाला की मी गरज नसताना तीन किलो वांगी घेतली. आमच्याकडे आठवडाभर वांगीच होती आणि आई माझ्याशी बोलत नव्हती.

त्यानंतर तीन वर्षं काका बाजाराच्या दिवशी माझ्या बाकावर येत राहिले. माझं काम वाढलं. मालेगावकडून, किन्हीराजाहून पेशंट यायला लागले. कोणाची कॅपसाठी हिरडी वर घ्यायची असे, कोणा मुलीला हसू नीट करून हवं असे. प्रत्येकाला मी सरळ बसवून, दाराशी जाऊन दुरून पाहायचे. नुसती दाताची माहिती असून भागत नाही, तोंड ज्याचं त्याला काय हवंय ते आधी विचारायचं, हे मला त्या बाकावरच्या माणसानं शिकवलं. कॉलेजचे सर मला माफ करोत.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. वांग्याच्या वाफ्यात, सकाळी, उभ्या जागी बसले आणि संपले. मी नवव्या दिवशी घरी गेले. ओसरीत बायका बसलेल्या, मधे काकू. मला पाहून त्यांनी जवळ बसवून घेतलं. मी रडत होते, त्या नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी चहा पेले. म्हने, आज वांगे तोडू. मी म्हनलं, राहू द्या, आज अमुशा हाय. तं म्हनतात कसे, वांग्याले कोनं सांगतलं अमुशा हाय म्हून?"

आणि काकू हसल्या. मोठ्यानं, मान मागे टाकून, दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेजारी बसलेल्या नणंदबाई दचकल्या. त्यांनी काकूंचा पदर ओढून त्यांच्या तोंडाशी नेला. "वैनी, अवं लोकं बसले हायेत. झाक."

काकूंनी तो पदर नणंदेच्या हातातून काढून घेतला. त्यानं दोन्ही डोळे पुसले, एकदा, दोनदा, आणि मांडीवर सोडून दिला.

"पदर डोये पुसाले हाय, बाई," त्या म्हणाल्या. "तोंड झाकाले नाही."

एवढ्यात दाराशी आणखी दोघीजणी आल्या. काकूंनी त्यांना बसायला जागा करून दिली आणि अमावस्येची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.